दर्शनी भिंतीवरचा डीबी कसा झाकावा? (शिवाय एसीचा पाइप, राउटर आणि गॅसमीटर)

अबोली_डोंबिवली

नमस्कार मंडळी,

आमचं घर डोंबिवली पूर्वेला. इमारत १९९१ ची, दुसरा मजला, वन बीएचके. गेल्या वर्षी सगळं वायरिंग नवं करून घेतलं. काम चोख झालं, गीझर आणि एसी आता एकदम चालतात. फक्त जुना फ्यूजबोर्ड होता तिथेच वायरमनने नवा डीबी (खटक्यांचा डबा) बसवला, आणि ती जागा म्हणजे दार उघडल्या उघडल्या समोर येणारी भिंत. जमिनीपासून पाच फुटांवर, अगदी मधोमध. १२ इंच बाय ९ इंचांचा पांढरा पत्र्याचा डबा, भिंतीच्या बाहेर अर्धा इंच आलेला. बाकी खोली मनासारखी लावली आहे, पण येणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

याच भिंतीला आमचा गणपती बसतो. त्या दिवसांत मागे पडदा सोडतो, त्यामुळे डबा दिसत नाही. उरलेल्या वर्षाचं काय करावं ते सुचत नाहीये. एका सुताराने पूर्ण भिंतीला पॅनेलिंग करून द्यायचे ४० हजार सांगितले. शेजारच्या काकू म्हणतात, मोठं कॅलेंडर लाव आणि मोकळी हो. मला दोन्ही पटत नाही.

अडचण एकच आणि तीच मोठी. आम्ही दोघं सकाळी लोकल पकडतो ते संध्याकाळीच परततो. दुपारी घरी सासूबाई एकट्याच असतात. वय ७८, गुडघे दुखतात, पण हाताला जोर आहे. ट्रिप झालं तर खटका त्यांनाच वर करावा लागतो. त्यामुळे त्यांना सहज उघडता येईल असंच काहीतरी हवं आहे.

शिवाय तीन गोष्टी आहेत. सोफ्याच्या वरून गॅलरीपर्यंत गेलेला एसीचा पाइप, त्याची टेप पिवळी पडली आहे. टीव्हीजवळ राउटर, सेट टॉप बॉक्स आणि वायरींचा गुंता. आणि स्वयंपाकघरात ओट्याच्या बाजूला पाइप गॅसचा मीटर. या तिन्हींचं तुम्ही काय केलंत, तेही सांगा.

---

मोगरा७

आमच्याकडे डीबीवर आरसा लावलाय. वरून खिळ्याला अडकवलेला, सुंदर नक्षीची चौकट आहे. बाहेर पडताना केस नीट करायलाही उपयोगी पडतो. खर्च फार नाही आणि एका दिवसात काम होतं.

---

वायरमनकाका

मोगराताई, रागावू नका, पण अबोलीताईंनी आरसा लावू नये असं मी कळकळीनं सांगेन. तुमच्या घरचा तो खिळाही एकदा कुणा जाणकाराला दाखवून घ्या. माझी उभी हयात कल्याण-डोंबिवलीतल्या घरांचं वायरिंग करण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डीबी म्हणजे घरातल्या सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात ती जागा. आपल्याकडच्या बहुतेक घरांत या वायरी स्लॅबकडून सरळ खाली उतरतात. विटांच्या भिंतीला झिरी मारायची, त्यात पीव्हीसी पाइप टाकायचे आणि वरून प्लॅस्टर ओढायचं, ही पद्धत. आठ-दहा सर्किटं असली की तीन-चार पाइप एकमेकांना खेटून डीबीच्या डोक्यावर येतात. त्यांच्यावर प्लॅस्टर असतं जेमतेम अर्धा-पाऊण इंच. म्हणजे डीबीच्या बरोबर वर दोन इंची खिळा ठोकला तर तो कुठल्या ना कुठल्या पाइपात जायची पुरेपूर शक्यता. घरातल्या प्रत्येक स्विचबोर्डालाही हेच लागू आहे. बोर्डाच्या वरची उभी पट्टी, अगदी छतापर्यंत, खिळ्याला वर्ज्य समजा. दोन बोर्ड एकाच उंचीवर असतील तर त्यांच्या मधली आडवी पट्टीसुद्धा.

लोकांना वाटतं वायरला खिळा लागला की ठिणगी उडेल आणि लगेच कळेल. तसं होतंच असं नाही. कल्याणला एका घरी बाई म्हणाल्या, देवाचा फोटो ओल्या फडक्यानं पुसला की हाताला मुंग्या येतात. फोटोची चौकट पितळी होती. टेस्टर लावला तर दिवा पेटला. खिळ्याने स्वयंपाकघराच्या फेजच्या वायरचं वरचं आवरण सोललं होतं. भिंत कोरडी होती तोवर कुणाला काही जाणवलं नाही, पावसाळ्यात भिंत ओलावली तेव्हा मुंग्या सुरू झाल्या. जुना फ्यूजबोर्ड होता, आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका) नव्हता, त्यामुळे तोडणारं काहीच नव्हतं. तुमच्याकडे नव्या डीबीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला असेल अशी आशा आहे. ज्या खटक्याजवळ ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं तो. ते बटण महिन्यातून एकदा दाबायचं. दाबल्यावर खटका पडला पाहिजे. पडला नाही तर तो बदलायचा, त्यात चालढकल नको.

आता झाकण्याबद्दल. झाका, अवश्य झाका, मीही माझ्या घरचा झाकलाय. फक्त झाकण एका हातानं, अंधारात, किल्ली किंवा कडी न शोधता उघडलं पाहिजे. वरून अडकवलेली जड वस्तू दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवावी लागते. ७८ वर्षांच्या माउलीला भर दुपारी, पंखा बंद, घामाघूम अवस्थेत, काचेचा आरसा उतरवायला लावायचा का? म्हणून बाजूला बिजागरी असलेलं दारच हवं. वर उघडणारं नको, कारण एक हात ते धरण्यात अडकतो आणि खटका शोधायला दुसराच उरतो. झालं की रात्री घरातले दिवे घालवा आणि सासूबाईंना उघडायला सांगा. त्यांना जमलं की समजा काम पास.

दुसरी गोष्ट हवेची. एमसीबीवर, म्हणजे डीबीतल्या एकेका खटक्यावर, जो आकडा लिहिलेला असतो, १६, २० वगैरे, तो ३० अंश तापमान धरून ठरवलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात खोलीतच त्याहून जास्त असतं. त्यात डबा चहूबाजूंनी बंद केला, आतून फोम लावला, तर उष्णता साचते आणि एसी-गीझरचा खटका विनाकारण पडायला लागतो. मग लोक काय करतात, तर मोठ्या आकड्याचा एमसीबी बसवतात. ते फार वाईट, कारण आतली वायर तेवढी जाड नसते आणि तापते ती वायर. तेव्हा झाकणाच्या वर आणि खाली बोटभर फट ठेवा, किंवा झाकणच जाळीचं करा. जाळीतून आणखी एक फायदा होतो. आत एखादा स्क्रू सैल होऊन वायर तापायला लागली तर जळका वास लवकर बाहेर येतो.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. ‘हॉल दिवे’, ‘फ्रिज’, ‘गीझर’, मराठीत, मोठ्या अक्षरांत, खटक्यांच्या त्याच क्रमाने. माझ्या गिऱ्हाइकांपैकी ज्यांच्याकडे असा कागद आहे त्यांचा मला निम्म्या वेळा फोनच येत नाही.

गणपतीचं आता नीट सांगतो, कारण त्या दिवसांत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. डीबीवर नायलॉनची जाळी, साटीनचा पडदा, त्यावर माळा आणि समोर समई, असं मी दरवर्षी पाहतो. थर्माकोल २०१८ पासून बंद झाला हे बरं झालं, पण कापडही पेटतंच. मखर भिंतीपासून हात जाईल एवढं पुढे घ्या. मागचा पडदा अखंड न ठेवता दोन पट्ट्यांचा करा, फट बरोबर डीबीसमोर येईल अशी. पडदा शक्यतो सुती घ्या. आणि सगळ्या माळा एकाच सॉकेटमध्ये तीन-तीन पिनांचे जोड लावून खुपसू नका.

गॅसमीटरला हात लावू नका. त्याबद्दल एवढंच सांगतो की पाइपातून येणारा गॅस हवेपेक्षा हलका असतो, गळला तर वर चढतो. सिलिंडरमधला जड असतो, तो जमिनीलगत साचतो. मीटरभोवती बंद कपाट केलं तर गळलेला गॅस त्यातच साचून राहतो आणि वास उशिरा येतो. कपाट करायचंच असेल तर दार पूर्ण जाळीचं करा, आणि बंद करायचा कॉक दार उघडताक्षणी हाताला लागला पाहिजे. पाइप थोडा सरकवायचा असेल तर गॅस कंपनीलाच बोलवा, नळवाल्याकडून करून घेऊ नका.

---

खणाची_चोळी

काकांचं वाचून हायसं वाटलं, कारण आमचं झाकण जवळपास असंच आहे. कोथरूडला असते, डीबी जेवणाच्या टेबलासमोर.

आम्ही सागाची चौकट करून घेतली. डीबीपेक्षा चारी बाजूंनी दीड-दीड इंच मोठी आणि दोन इंच खोल, म्हणजे डीबीचं स्वतःचं पत्र्याचं दार आत बंद राहतं आणि मध्ये हवा खेळते. चौकटीच्या पुढच्या बाजूला काच किंवा प्लायवूड नाही, नुसता खण ताणून बसवलाय. बागलकोटजवळच्या गुळेदगुड्डचा, मोरपंखी, काठ तांबडे. कापडाची वीण अशी की समोरून आतलं काही दिसत नाही, पण हवा जाते. खण घेताना एक धागा काढून जाळून पाहिला होता. सुती धाग्याची राख होते, कृत्रिम धाग्याचा काळा गोळा होतो. बाजारात दुसऱ्या प्रकारचेच खण जास्त मिळतात, तेव्हा बघून घ्या.

कापड मागच्या बाजूने टाचण्यांनी लावलंय, चिकटवलं नाही. दिवाळीआधी काढून धुते. हवा तर बदलताही येतो. माझ्याकडे आईच्या जुन्या चोळ्यांचे दोन तुकडे आहेत, पुढच्या वेळी त्यातला एक लावेन.

दार बंद राहायला चुंबक आहे, कपाटाला असतं तसलं. कडी नाही. सुताराने साग, बिजागऱ्या आणि मजुरी धरून १,८०० रुपये घेतले.

मुख्य प्रश्न होता चौकट भिंतीला कशी धरायची. आम्ही वर काहीच ठोकलं नाही. डीबीच्या डाव्या बाजूला, चौकटीच्या कडेला, एक उभी लाकडी पट्टी स्क्रूने बसवली आणि बिजागऱ्या त्या पट्टीला. वायरिंगच्या वेळी प्लॅस्टर करण्याआधी नवऱ्याने मोबाईलवर भिंतीचे फोटो काढून ठेवले होते, त्यात पाइप कुठून आलेत ते स्पष्ट दिसत होतं. अबोलीताई, तुमचं काम गेल्या वर्षीचंच आहे, कुणाकडे फोटो असतील तर आधी शोधा.

---

सुतारपक्षी

नाशिकला माझं फर्निचरचं काम आहे. पॅनेलिंगचं विचाराल तर धंदा म्हणून मी हो म्हणायला हवं, पण ३० वर्षांच्या जुन्या इमारतीत मी स्वतः ते टाळतो. भिंत बाहेरच्या बाजूची असेल तर कोकणपट्टीच्या पावसात ती ओल धरतेच. पॅनेल लावलं की ओल मागे कोंडते, लाकूड फुगतं, वाळवी लागली तरी वर्षभर कळत नाही. एक डबा झाकायला ४० हजार घालवू नका. तरीही करायचंच ठरलं तर प्लाय ७१० मार्काचा घ्या. ३०३ मार्काचा ओलीत तेवढा टिकत नाही.

एसीच्या पाइपाचं मात्र करण्यासारखं आहे. दोन रस्ते आहेत. तयार पीव्हीसीचं पांढरं केसिंग मिळतं, खालची पट्टी भिंतीला आणि वरचं झाकण दाबून बसतं. किंवा प्लायचा लांबट डबा करून भिंतीच्याच रंगात रंगवायचा. दोन्हीत एक पथ्य पाळा: आतल्या तांब्याच्या नळ्यांवर जे काळं रबराचं आवरण असतं ते चेपता कामा नये. चेपलं की त्या जागी नळीला घाम सुटतो, पाणी ठिबकतं आणि भिंतीवर डाग येतो. म्हणून आतून सैल बसेल एवढी रुंदी घ्या. पाण्याच्या नळीचा उतार गॅलरीकडेच राहिला पाहिजे. केसिंग दिसायला सरळ यावं म्हणून कारागीर नळी उचलून आडवी करतात, मग पाणी उलटं हॉलमध्ये येतं. काम चालू असताना जवळ उभं राहा आणि शेवटी आतल्या ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतून बघा, गॅलरीत पडतंय ना.

डब्याला खिळे मारू नका, स्क्रू मारा. गॅस भरायचा झाला तर उघडावा लागतो.

एसीच्या आतल्या युनिटला मात्र पेटी करू नका. तो हवा वरून ओढतो. वर अर्धा फूट तरी मोकळं हवं आणि जाळ्या धुवायला पुढचं झाकण पूर्ण वर उघडलं पाहिजे. फर्निचरात कोंबलेले एसी मी पाहिलेत. खोली थंड होत नाही आणि लोक एसी खराब म्हणून नवा आणतात.

राउटरसाठी वेताच्या जाळीचं दार असलेली छोटी पेटी करा. वेतातून, लाकडातून सिग्नल जातो. पत्र्याच्या कपाटात किंवा आरशामागे ठेवला तर पलीकडच्या खोलीत नेट रडतं. सेट टॉप बॉक्सला रिमोटचा किरण जाळीतून बहुधा लागतो, पण आधी घरात कापडावर किंवा जाळीवर धरून बघून घ्या. पेटीच्या मागच्या फळीला वायरींसाठी मोठं भोक ठेवायला सांगा. सुतार नेहमी लहान भोक पाडतात, मग पिना आत जात नाहीत.

---

गिरगावकर

माझं मत थोडं निराळं आहे. आमच्या चाळीतल्या खोलीत लाकडी पट्टीवरचं जुनं वायरिंग आणि काळे बेकेलाइटचे गोल खटके होते. दुरुस्तीत वायर सगळी नवी घातली, पण डीबी झाकला नाही. त्याच्यामागची भिंत गेरूच्या रंगाची केली, जमिनीपासून छतापर्यंत चार फूट रुंद पट्टा. डीबीचं बाहेरचं दार उतरवून, पॉलिशपेपरने घासून, प्रायमर मारून त्याच रंगाच्या ऑइलपेंटने रंगवलं. पट्ट्यावर बायकोने एका बाजूला तारप्याच्या नाचाचं चित्र पांढऱ्या रंगात काढलं. डबा आहे तिथेच आहे, पण पाहणारा नाच बघतो.

पांढऱ्या भिंतीवर पांढरा डबा दिसतो तो त्याच्या कडांच्या सावलीमुळे. गडद रंगावर ती सावली हरवते. अबोलीताईंच्या भिंतीला गणपती बसतो, तर मागे गेरूचा पट्टा शोभूनही दिसेल, पडद्याची गरजच उरणार नाही.

---

वायरमनकाका

गिरगावकरांचा उपाय सगळ्यात सुरक्षित. फक्त दार उतरवून बाहेर रंगवायचं, डब्यावर असताना नाही. आत रंगाचा थेंब एमसीबीवर पडला तर खटका अडकू शकतो. दार परत बसवताना दाराला जोडलेली हिरवी अर्थिंगची वायर असेल तर ती पुन्हा जोडायला विसरू नका.

सुतारपक्षींचं एसीबद्दलचं बरोबर आहे. त्या केसिंगमधूनच एसीची वायरही नेतात, तिला मधे जोड नको, सलग हवी.

---

अबोली_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

रात्री आम्ही तिघांनी बसून ठरवलं. भिंतीला गेरूचा पट्टा करायचा आणि डीबीवर खणाची चौकटही. सासूबाईंना खण फारच आवडला. त्या बागलकोटकडच्या, त्यांच्या माहेरी बायका खणाचीच चोळी घालायच्या. त्यांनी ट्रंकेतून एक न शिवलेला खण काढून दिला, गर्द जांभळा. धागा जाळून पाहिला, राख झाली. दार उजवीकडे उघडणारं करायचं, कारण त्या डाव्या हाताने काठी धरतात.

गॅसमीटर आहे तसा राहील. त्याच्या खालच्या भिंतीवर टाइल्स बदलून घेतो, म्हणजे निदान आजूबाजूचं नेटकं दिसेल. राउटरची वेताची पेटी सुतारपक्षींच्या सूचनेप्रमाणे, मागे मोठं भोक ठेवून.

वायरमनने कामाचे फोटो काढले होते, व्हॉट्सॲपवर सापडले. चार पाइप वरून येतात आणि एक उजवीकडून आडवा, घंटीचा असावा. डावी बाजू पूर्ण मोकळी दिसते. पण दार उजवीकडे उघडायचं म्हणजे बिजागरी उजवीकडे हवी, तिथे हा आडवा पाइप. काका, मग काय करावं? आणि स्क्रू मारताना डीबीचा मेन खटका पाडला की पुरे ना?

---

वायरमनकाका

उजव्या बाजूला पट्टी लावायची तर आडव्या पाइपाच्या वर एक आणि खाली एक असे दोनच स्क्रू घ्या, पाइपापासून किमान तीन इंच सोडून. फोटोत मोजायला एखादी ओळखीची वस्तू असेल, डीबीचा डबाच घ्या, तो १२ इंच आहे. त्यावरून पाइपाची उंची काढा आणि भिंतीवर पेन्सिलीनं खूण करा. स्क्रू सव्वा इंचापेक्षा लांब नको, पट्टी अर्ध्या इंचाची धरा. चौकट हलकी आहे, तेवढं पुरतं. डीबीच्या पत्र्याला मात्र कुठेही भोक पाडू नका.

मेन खटक्याबद्दल विचारलंत ते फार चांगलं केलंत. डीबीचा मेन पाडला तरी पुरत नाही. मीटरकडून मेनपर्यंत येणारी वायर जिवंतच राहते, आणि ती त्याच वरच्या पाइपांपैकी एकातून उतरते. खाली मीटर रूममध्ये तुमच्या मीटरशेजारचा खटका पाडा, वर येऊन टेस्टरने बघा, मगच ड्रिल. ड्रिलला वीज शेजाऱ्यांकडून वायर टाकून घ्या किंवा बॅटरीचं ड्रिल मागवा. आणि खाली खटक्यावर ‘काम चालू आहे, चालू करू नये’ असा कागद लावा. वॉचमन सद्भावनेनं खटका वर करतात.

---

अबोली_डोंबिवली

कळलं. शनिवारी सुतार येतोय. मीटर रूमची किल्ली सेक्रेटरींकडून शुक्रवारीच आणून ठेवते, आणि नवरा काम संपेपर्यंत खालीच थांबेल. फोटो टाकते झाल्यावर.